पुढचा ब्रेक

२०२४च्या जूनमध्ये मी एक स्प्रेडशीट उघडली आणि तिला नाव दिलं ‘गाडी_फायनल’. ऑगस्टपर्यंत तिचं ‘गाडी_फायनल_३_खरंच_फायनल’ झालं होतं. सॉफ्टवेअरमधल्या कुणालाही विचारा, हे काही चांगलं लक्षण नाही.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. इंजिनिअरिंगला असताना घेतलेली पल्सर १५० दहाव्या वर्षात होती. शिक्षणाचं कर्ज फिटलं होतं, बहिणीचं लग्न झालं होतं. खात्यात पहिल्यांदाच असे पैसे होते, ज्यांचं काय करायचं हे दुसऱ्या कुणी आधीच ठरवून ठेवलेलं नव्हतं. मला स्पोर्ट बाइक हवी होती. पुढे वाकून बसायची, फेअरिंगवाली. का, असं विचाराल तर प्रामाणिक उत्तर एवढंच, की अकरावीत असताना फलटणच्या स्टँडसमोरून एक गेली होती आणि चहाच्या टपरीवरचं सगळं बोलणं तेवढ्यापुरतं थांबलं होतं.

स्वप्न बघायचं तर कावासाकीची झेडएक्स-सिक्स-आर बघावी. पण ती अकरा लाखांच्या पुढे, आणि तिच्या नुसत्या पहिल्या गिअरमध्येच शंभरच्या वर जाता येतं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी. उरलेल्या रस्त्यांवर म्हशी, स्पीडब्रेकर आणि उलट्या दिशेने येणारे काका. त्यामुळे टॉप स्पीडचा कॉलम मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकला.

यादीत तीन गाड्या उरल्या. केटीएमची आरसी ३९०: ३७३ सीसी, एक सिलिंडर, ४३.५ पीएस, १७२ किलो. एप्रिलियाची आरएस ४५७: दोन सिलिंडर, ४७.६ पीएस, १७५ किलो. आणि कावासाकीची निन्जा ५००: दोन सिलिंडर, ४५ पीएस, १७१ किलो. एक्स-शोरूम किमती साधारण सव्वातीन, चार लाख दहा आणि सव्वापाच लाख. तिन्ही ३५० सीसीच्या वरच्या, म्हणजे थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर १,३६६ ऐवजी २,८०४ रुपये. यातल्या दोन तर आमच्या पुणे जिल्ह्यातच बनतात. केटीएम बजाजच्या चाकणच्या कारखान्यात आणि एप्रिलिया पिआजिओच्या बारामतीच्या कारखान्यात. फोनवर अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बारामतीत? इटलीची? ती अ‍ॅपे रिक्षावाली कंपनी ना?” तीच. तिचीच अ‍ॅपे आमच्या गावातून रोज पहाटे मेथीच्या जुड्या घेऊन बाजारात जाते.

ताकद भागिले वजन केलं, तर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गाडीत जेमतेम आठ टक्क्यांचा फरक निघाला. आकड्यांनी निकाल लागेना. मग मी ठरवलं, आता माणसांना विचारायचं. ज्यांनी स्वतःच्या पैशाने गाडी घेतलीय, त्यांना.

*

रविवारी सकाळी साडेसहाला खेड शिवापूरच्या पुढे सातारा रोडवर उभं राहिलात, तर पुण्यातल्या निम्म्या स्पोर्ट बाइक तुमच्यासमोरून जातात. खंबाटकी घाट चढून खाली उतरायचं, मिसळ खायची, आणि येताना बोगद्यातून परत. मी पल्सर घेऊन त्यांच्या मागे जायचो. ते बरेच पुढे निघून जायचे, पण मिसळीपाशी सापडायचेच.

गाडीवाल्याला त्याच्या गाडीबद्दल विचारणं ही जगातली सगळ्यात सोपी मुलाखत आहे. तो थांबतच नाही. अडचण नंतर सुरू होते, घरी येऊन ते सगळं तक्त्यात भरायला बसलं की.

एकाच मॉडेलच्या दोन मालकांना मी विचारलं, इंजिनची उष्णता लागते का? एक म्हणाला, “भावा, मांड्या भाजतात.” दुसरा म्हणाला, “छे, काहीच नाही.” पहिला संध्याकाळी सात वाजता वाकडहून खराडीला जात होता, सिग्नल टू सिग्नल. दुसरा पहाटे पाचला ताम्हिणीत जाऊन दहाच्या आत घरी परतत होता. दोघंही खरं बोलत होते.

मनगटांचंही तसंच. एक जण म्हणाला, अर्ध्या तासात हात गळून जातात. दुसऱ्याने त्याच गाडीवर एका दिवसात गोवा गाठलं होतं. ही भानगड मला पुढे कळली. वाकून बसलं की धडाचं वजन हातांवर येतं. हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि हात मोकळे होतात. शहरात तेवढा वारा नसतो, तिथे पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंनीच स्वतःला धरून ठेवावं लागतं. गोव्याला जाणारा मुलगा रोज पोहत होता. हात गळणारा मुलगा माझ्यासारखा होता.

सर्व्हिस स्वस्त की महाग, हे ज्याच्या त्याच्या पगारावर ठरत होतं. मायलेज कुणी २२ सांगायचं, कुणी २८. सीट उंच वाटते का, याचं उत्तर तर समोरच्याची उंची बघून मीच देऊ शकलो असतो.

मग मी तक्ता बदलला. गाडीच्या कॉलमांशेजारी माणसाचे कॉलम घातले: उंची, रोजचा रस्ता, आधीची गाडी, आतापर्यंतचे किलोमीटर. तेव्हा लक्षात आलं, की सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांची गाडी दोन हजार किलोमीटरही चाललेली नव्हती. साहजिकच आहे. चार लाख मोजून आलेला माणूस तिसऱ्या महिन्यात ‘चुकलंच जरा’ असं कशाला म्हणेल? आरएस ४५७च्या मालकांचा तर इलाजच नव्हता. ती गाडी डिसेंबर २०२३मध्ये बाजारात आली. २०२४च्या पावसाळ्यात तिचा पाच वर्षांचा अनुभव सांगणारा माणूस जगात कुठेच असू शकत नव्हता. आरसी ३९० मात्र इथे २०१४पासून आहे. तिच्याबद्दल चांगलंवाईट सगळं बोलून झालेलं होतं.

आणि एक गट माझ्या तक्त्यात अजिबात नव्हता. ज्यांनी गाडी घेतली आणि विकली, ते रविवारी मिसळ खायला येत नाहीत.

*

म्हणून मी जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघायला लागलो. घ्यायला नाही, बोलायला. हे थोडं खोटेपणाचं होतं, मान्य आहे.

चिंचवडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली एक गाडी होती. ८,४०० किलोमीटर. कोणती ते लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गाडीचा काहीच संबंध नव्हता. मालक माझ्याच वयाचा, मेकॅनिकल इंजिनिअर, एका डिझाइन कंपनीत. त्याने कव्हर काढलं. उजव्या बाजूचं फेअरिंग डाव्यापेक्षा किंचित जास्त चकचकीत होतं.

मी माझे सगळे प्रश्न विचारले. त्याने इतकी नीट उत्तरं दिली, की मी पहिल्यांदाच तक्त्यातली एकही चौकट रिकामी न ठेवता भरली. चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करायची. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर जातो. आरशांत स्वतःचे कोपर दिसतात, मागची गाडी बघायला मान वळवावीच लागते. यू-टर्नला हँडल पुरेसं वळत नाही, गाडी मागेपुढे करावी लागते. शेवटी मी विचारलं, “मग विकताय का?”

तो म्हणाला, “गाडीत काही खोट नाही.”

मी थांबलो. कधी कधी मला थांबायचं सुचतं.

ताम्हिणीत, एका वळणानंतर, पंक्चर झालेला टेम्पो उभा होता. मागे दगड लावलेले. वेग साठ असेल. दिसला तेव्हा अंतर पुरेसं होतं, हे तो दोनदा म्हणाला. त्याने नंतर जाऊन मोजलंही होतं. “मागचा ब्रेक दाबला. पाय आपोआप गेला. एबीएस पायाखाली टकटक करत होतं, सगळं व्यवस्थित चालू होतं, आणि गाडी थांबतच नव्हती.” हात त्याने ब्रेकला लावलाच नव्हता. अ‍ॅक्सिलरेटर सोडून मूठ घट्ट धरून ठेवली होती, बस. शेवटच्या क्षणी टेम्पोला चुकवायला गेला आणि उजव्या कुशीवर घसरत टेम्पोच्या चाकाला जाऊन धडकला. कॉलरबोनमध्ये प्लेट आहे. आधीची आठ वर्षं तो मागे ड्रम ब्रेक असलेली १२५ सीसी चालवत होता.

“सगळ्यांना विचारलं होतं मी गाडीबद्दल,” तो म्हणाला. “तुमच्यासारखंच. यादी करून.”

निघालो. चिंचवडहून पिंपळे सौदागरपर्यंत पाच-सहा किलोमीटर असतील. प्रत्येक सिग्नलला मी माझ्याच उजव्या पायाकडे बघत होतो. प्रत्येक वेळी आधी तोच जात होता. हात जातच नव्हता.

*

हे मला कुठून आलं, ते मला नक्की माहीत आहे.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्याकडे आरएक्स १०० होती. १९९५मध्ये, माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, शाळेतून येताना वळणावर खडी पसरलेली होती आणि समोर शेळी आली. अण्णांनी पुढचा ब्रेक आवळला. खडीवर पुढचं चाक जाम झालं, हँडल हातातून गेलं आणि गुडघा गाडीखाली आला. त्यानंतर तो गुडघा कधीच पूर्ण वाकला नाही. आरएक्स १०० विकली गेली. आमच्या घरात तिचा एकच फोटो आहे.

मी सतरा वर्षांचा असताना शाळेच्या मैदानावर स्प्लेंडर शिकलो. अण्णा लंगडत शेजारून चालत होते. त्यांनी क्लच शिकवला, गिअर शिकवले, मागचा ब्रेक शिकवला. पुढच्याबद्दल एकच वाक्य: “तो हाय हे इसरूनच जा.” आणि मी विसरलो. दहा वर्षं, साठ हजारांवर किलोमीटर, पाऊस, घाट, हिंजवडीचं ट्रॅफिक, सगळं मागच्या ब्रेकवर.

मालकांचे अनुभव जमवत मी दोन महिने फिरत होतो, आणि सगळ्यात जुना अनुभव माझ्या पायात बसलेला होता. तोही खराच होता. ड्रम ब्रेक, खडी आणि दचकून एकदम आवळलेली मूठ, एवढं एकत्र आलं की माणूस पडतोच. पण वाक्य माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यातली खडी गळून पडली होती, ड्रम गळून पडला होता आणि ‘एकदम’ही गळून पडलं होतं. नुसता निष्कर्ष उरला होता.

*

मिसळीवाल्या गर्दीत एक डेंटिस्ट बाई यायच्या. चाळिशीच्या आसपासच्या, कोथरूडच्या. आरसी ३९०वर दोन वर्षांत ३१,००० किलोमीटर. माझ्या तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच होता. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. त्या फारसं बोलायच्या नाहीत, म्हणून त्यांची रांग अर्धी रिकामी होती. त्या रविवारी मी त्यांना गाडीबद्दल काहीच विचारलं नाही. चिंचवडच्या मुलाचं सांगितलं, अण्णांचं सांगितलं आणि माझ्या पायाचं सांगितलं.

त्यांनी चहा संपवला. म्हणाल्या, “तीनपैकी कुठली घ्यावीस, ते तुझं तू बघ. तुझा हात यातल्या कुठल्या गाडीला तयार आहे एवढं मी सांगू शकते. सध्या कुठल्याच नाही. पुढच्या रविवारी मिसळ नको, म्हाळुंगेला ये.”

तिथे नव्या इमारतींच्या मागे एक अर्धवट झालेला, पुढे कुठेच न जाणारा सिमेंटचा रस्ता होता. डॉक्टरांनी खडूने आडवी रेघ मारली. “पन्नासने ये. रेघेवर ब्रेक. नेहमी मारतोस तसा.”

मी आलो. पाय गेला, मागचं चाक जाम झालं, शेपूट हलल्यासारखी गाडी डावी-उजवीकडे झाली आणि थांबली. डॉक्टरांनी मला रेघेपासून चालत यायला लावलं. पस्तीस पावलं.

मग त्यांनी समजावलं, आणि मला माझीच लाज वाटली, कारण हे फिजिक्स मी बारावीला मार्क मिळवायला शिकलो होतो. ब्रेक लागला की वजन पुढे सरकतं. पुढच्या चाकावरचा भार वाढतो, त्याची पकड वाढते. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते चटकन जाम होतं आणि फारसं थांबवत नाही. स्पोर्ट बाइक लांबीला आखूड, आणि चालवणारा पुढे वाकलेला. जोरात ब्रेक लावला, की थांबवण्याचं जवळजवळ सगळं काम पुढचं चाकच करतं. पण वजन पुढे सरकायला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणाच्या आत मूठ आवळली तर चाक भार येण्याआधीच जाम होतं. म्हणून आधी दोन बोटांनी नुसता स्पर्श, पुढचे शॉक बसू द्यायचे, मग वाढवत न्यायचं. “लिंबू पिळतोस ना, तसं,” डॉक्टर म्हणाल्या. “एकदम दाबलंस तर बिया उडतात.”

माझ्या पल्सरला एबीएस नव्हतं. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून, माझी त्याआधीची. त्यामुळे वीसच्या वेगापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी हात थरथरत होता. ब्रेकला बोट लागलं की पोटात खड्डा पडायचा, जणू अण्णा शेजारून चालतच होते. दुसऱ्या रविवारी तीसवर गेलो. चौथ्या रविवारी पुढचं चाक एकदा किंचित किंचाळलं, मी बोटं सोडली, परत धरली आणि गाडी उभीच राहिली. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला जरा वेळ बसून होतो. डॉक्टर काही बोलल्या नाहीत.

सहाव्या रविवारी, पन्नासवरून, वीस पावलं.

पस्तीस वजा वीस, पंधरा. माझं पाऊल पाऊण मीटरचं. म्हणजे सव्वाअकरा मीटर. म्हणजे एक अख्खी एसटी. त्याच गाडीवर, त्याच टायरवर, एक रुपयाही खर्च न करता. तीन गाड्यांमधल्या ज्या आठ टक्क्यांवर मी रात्री जागवल्या होत्या, ते आठ टक्के मला त्या सिमेंटच्या रस्त्यावर सापडेनात.

*

गाडी मी घेतली. नाही घेतली असं सांगितलं असतं तर गोष्ट शहाणपणाची वाटली असती, पण घेतली.

आरसी ३९० घेतली. कारणं सांगतो, पण ती माझी आहेत. एप्रिलियाचं इंजिन चालवायला मला जास्त आवडलं होतं, टेस्ट राइडवरून उतरताना मी वेड्यासारखा हसत होतो. निन्जावर पाठ सगळ्यात कमी दुखली. पण एका गाडीला दहा वर्षांची साक्ष होती आणि दुसरीला सात महिन्यांची, आणि मी पाच वर्षं तरी गाडी बदलणार नव्हतो. शिवाय चाकणच्या आणि बारामतीच्या गाडीच्या किमतीत नव्वद हजारांच्या आसपास फरक होता. त्यातून चांगलं हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि बूट आले, आणि ट्रॅकवरच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची फी भरली. पगार वेगळा असता, उंची वेगळी असती, रोजचा रस्ता वेगळा असता, तर उत्तर वेगळं आलं असतं. हे वाचून तुम्ही आरसी घेतलीत तर तुम्ही काहीच वाचलं नाहीत.

चिंचवडच्या मुलाला फोन करून सांगितलं, की मी घ्यायला आलोच नव्हतो. तो म्हणाला, “कळलं होतं. घेणारा माणूस इतका वेळ थांबत नाही.” गाडी त्याने विकली होती. घेणाऱ्याने मायलेज विचारलं होतं आणि किंमत कमी करून मागितली होती.

दिवाळीला गाडी घेऊन घरी गेलो. दिवेघाट, सासवड, जेजुरी, लोणंद. तरडगावच्या अलीकडे एक पिकअप मागेपुढे न बघता वाटेतून रस्त्यावर आला. मी थांबलो. पिकअपवाल्याने हात वर करून माफी मागितली आणि गेला. काहीच झालं नाही, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. फक्त पुढे दोन किलोमीटर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आधी हात गेला होता.

आई औक्षणाचं ताट घेऊन आली, गाडीलाही कुंकू लागलं. अण्णा चष्मा लावून गाडीभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, “धर जरा.” मी गाडी धरली. त्यांनी खांद्याला धरून पाय टाकला. उजवा गुडघा मागच्या फुटरेस्टपर्यंत वाकेना, तो तसाच लोंबकळत राहिला. बासष्टाव्या वर्षी ते टाकीवर ओणवे होऊन बसले होते आणि शेजारची पोरं फोटो काढत होती.

त्यांचा उजवा हात ब्रेकवर गेला. दोन बोटांनी त्यांनी तो हळूच ओढून बघितला, सोडला, परत ओढला.

“हा मारतोस?”

“मारतो, अण्णा.”

ते बराच वेळ पुढच्या चाकाकडे बघत राहिले. डिस्क उन्हात चमकत होती.

“सावकाश मारत जा,” म्हणाले, आणि उतरायला माझा खांदा मागितला.